खडखडाटात बोलणारी

आमच्या कापडाच्या कारखान्यात तिला सगळ्याजणी रेडिओ म्हणायच्या. माग सुरू झाले की शेजारणीने कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथे बायका ओठांनी बोलतात. आवाज काढायचाच नाही. शब्द सावकाश, नीट ओठांवर आणायचा, की पलीकडच्या मागावरची बाई समजून घेते. नवीन बाईला हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. हिला लगेच जमलं. हात तुटलेलं सूत सांधत असायचे, नाहीतर धोट्यात सुताची नवी कांडी बसवत असायचे आणि तोंडाचा कार्यक्रम अखंड चालू.

"मुकादम आज घरी भांडून आलाय. डबा आणलेला नाही. आता आपल्यालाच खाणार," ती ओठांनी सांगायची आणि हसू आवरता आवरता माझं सूत तुटायचं.

माग थांबले की रेडिओ बंद. जेवणाच्या सुट्टीत ती मान खाली घालून डब्यात बघत बसायची. मीठ कमी असलं तरी मागायची नाही.

त्याचं कारणही मला त्या खडखडाटातच कळलं, थोडं थोडं करून. नवऱ्याने तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. पण ती काही बोलली, अगदी भाजी कोणती करू एवढंच विचारलं, की तो हातातलं काम ठेवून म्हणायचा, "पुन्हा सांग बघू." ती सांगायची. "पुन्हा." मग बारीक आवाज काढून तो ते वाक्य घोळवायचा, आल्यागेल्यासमोर, पाहुणे हसेपर्यंत. होता होता तिला शब्दच फुटेनासा झाला. एका दुपारी ती निघून थोरल्या भावाकडे, दादांकडे आली. सगळ्यांनी एकच विचारलं, मारायचा का? तिने मान हलवून नाही म्हटलं, आणि पुढे विचारण्यासारखं कुणाला काही उरलं नाही. ते "पुन्हा सांग बघू" तिने फक्त मला सांगितलं.

गेल्या वर्षी त्या नवऱ्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. त्याची थोरली बहीण हिला न्यायला येणार असं कळलं. त्या दिवशी मागावर ती म्हणाली, "मी जाणार नाही. तसं सांगणार आहे. तू समोर बस, म्हणजे मला जमेल."

तिथून तयारी सुरू झाली. मागावर वाक्य अगदी चोख यायचं. सुटल्यावर रस्त्याने जाताना मी म्हणायची, "आता आवाजात म्हण." आधी नुसता वारा यायचा. मग "ताई, मी येणार" एवढं यायला लागलं आणि "नाही" घशात अडकायचं.

"एवढंच म्हणालीस तर नणंदबाई आजच तुला गाडीत घालतील," मी म्हटलं. ती हसली, तेही बिनआवाजाचं.

दादांच्या घरी बाहेरच्या खोलीत आम्ही बसलो. नणंद पलंगावर, मांडीवर पर्स. ती दाराजवळ, आणि मी कपाटाजवळच्या खुर्चीत, तिच्या बरोबर समोर. वहिनींनी चहा दिला.

"झालं गेलं विसर बाई," नणंद म्हणाल्या. "आता त्याला बोलताच येत नाही. मग तुला भीती कसली?"

"मी जबरदस्ती करणार नाही," दादा म्हणाले. "तिची इच्छा असेल तसं." ते मनापासून म्हणत होते, हे मला सांगायलाच हवं.

तिने मान वर केली. माझ्याकडे बघितलं आणि सगळं म्हणाली. ताई, मी येणार नाही. त्या घरात माझा जीव गुदमरतो. एक अक्षर गाळलं नाही. मला इतकं बरं वाटलं. मग लक्षात आलं, मला पंख्याचा आवाज ऐकू येतोय. तिचा आलाच नव्हता. ती मात्र मोकळी होऊन चहाचा कप उचलत होती. तिच्या लेखी ती बोलली होती.

"बघा, गप्प आहे. म्हणजे हरकत नाही," नणंद म्हणाल्या.

"नाही म्हणाली ती. आत्ताच म्हणाली," मी म्हटलं.

"कधी? आम्ही काय बहिरे आहोत?"

"ओठांनी म्हणाली."

वहिनींना हसू आलं. दादा पुढे वाकले आणि मायेने म्हणाले, "थांबा जरा. तिलाच विचारू. हं, पुन्हा सांग बघू."

त्यांना काय माहीत? कप बशीत कलंडला. तिचे ओठसुद्धा मिटले. मी समजावायला गेले, तर नणंद म्हणाल्या, "तुम्ही घरच्या नाही, मध्ये पडू नका." आणि दादांनी तिचं गप्प बसणं होकारात धरलं.

ती निघाली त्या सकाळी मी गेले होते. रिक्षा दारात उभी होती. दादांनी तिची पेटी उचलली होती. एक पाय आत ठेवून तिने दांडी धरली आणि म्हणाली, "दादा, मला जायचं नाही."

आवाज घोगरा, जाडसर. रस्त्यात यायची ती नुसती कुजबुज; असा आवाज मीसुद्धा पहिल्यांदाच ऐकत होते. सगळ्यांनी ऐकलं, रिक्षावाल्यानेही मागे वळून बघितलं. दादा पेटी हातात घेऊन उभेच राहिले. आता खाली ठेवतील, असं वाटण्याइतका वेळ उभे राहिले.

"अहो, ही येणार म्हणून तिकडे त्यांनी कामाची बाई काढून टाकलीय," वहिनी हळूच म्हणाल्या. रागाने नाही. "आधी बोलायचं ना गं."

"चार दिवस जाऊन तर बघ," दादा म्हणाले. "नाहीच जमलं तर मी आहे." आणि त्यांनी पेटी मागे ठेवली. तिने दुसरा पायही आत घेतला.

रोज हात जोडते तेव्हा मी तिच्यासाठी एवढंच मागते, की तिने ते आणखी एकदा म्हणावं. फार आशेने मागते असं नाही. सवय झाली म्हणून मागते.

मध्ये दादा बाजारात भेटले. म्हणाले, "मजेत आहे. मी फोन करतो अधूनमधून. तक्रार म्हणून नाही कसली."

"मग बोलते काय?" मी विचारलं.

"काही नाही. ऐकून घेते," ते म्हणाले, आणि भाजीवाल्याकडे वळले.