भगवंतरावांचा नवरदेव

माझे भासरे भगवंतराव, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, अकोल्यात मलेरिया खात्यात होते. गावोगावच्या विहिरींत वाकून डासांची पिल्लं शोधायची, ही त्यांची नोकरी. अकोटकडच्या कुठल्याशा विहिरीतून त्यांनी एकदा डब्यात घालून मासे आणले. बोटाच्या दोन पेरांएवढे, डोक्यावर चांदीची टिकली. डासांची पिल्लं खातात म्हणून सरकारला त्यांचं कौतुक. भासऱ्यांचा जीव जडला तो रंगावर. माझा नातू आता सांगतो, आजी, ते किलीफिश. असतील. आम्ही टिकलीवाले म्हणायचो.

वीजघरातून मोडीत निघालेली बॅटरीची काचेची पेटी आणून, सात पाण्यानं धुऊन त्यांनी माशांचा संसार मांडला. विहिरीचं पाणी रात्रभर माठात निवू द्यायचं, मग पेटीत ओतायचं. रांजणातली वळवळ फडक्यात गाळून खाऊ घालायची. काथ्याचा झुपका सोडला की माद्या त्यावर अंडी घालत. तो लगेच दुसऱ्या भांड्यात काढायचा, नाहीतर आईबापच ती गट्ट करीत. आणि वर झाकण हवंच, कारण ही जात उड्या मारणारी. त्यापायी जाऊबाईंची पिठाची चाळणी गेली.

बासष्ट साली भासऱ्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. खाट माशांशेजारी लावली, उशाशी घंटी ठेवली. त्या हिवाळ्यात मासेही मरत गेले. दोन मळकट माद्या उरल्या आणि एक नर. हिरवट-पिवळा, अंगावर लाल ठिपक्यांच्या ओळी, शेपटीला केशरी कड. जाऊबाई त्याला नवरदेव म्हणत. तो गेला तर दुसरा आणणार कुठून? विहीर ठाऊक एकट्या भासऱ्यांना, आणि त्यांना सांगता येत नव्हतं.

"माह्याकडे कधी असं पाहिलं नाही, अन् त्या नवरदेवाकडे दिवसभर पाहून राहता," असा टोमणा जाऊबाई त्यांना मारायच्या. त्यावर ते डाव्या गालानं हसतात, असं त्याच सांगत. मी कधी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं. भासऱ्यांसमोर उभं राहायचं नाही, काही द्यायचं तर दारातून सरकवायचं, ही आमच्याकडची रीत.

चैत्रात गच्चीवर वाळवण घातलं. पापडाचं पीठ चाळायला जाऊबाईंनी पेटीवरची चाळणी उचलली. "डोळे नका वटारू, आत्ता आणते. एवढ्यात कुठं पळून जाते तो?"

पीठ चाळून झालं, कुरडयांचा चीक शिजला आणि चाळणी वरच राहिली. चीक गार झाला की सोऱ्यातून उतरत नाही, म्हणून आमची घाई. तेवढ्यात खाली घंटी वाजली.

"आत्ताच तर पाणी पाजलं," जाऊबाई म्हणाल्या. त्यांचे हात कोपरापर्यंत चिकात. माझ्या हाती सोऱ्या. घंटी थांबेना.

"रमे, पाहून ये बरं काय पाहिजे त्यायले."

रमा सगळ्यांत धाकटी जाऊ, नुकती लग्न होऊन तिवशाहून आलेली. ती गेली तशी परत आली.

"पाणी ठेवलं दाराच्या आत."

"काहून वाजवून राहिले होते?"

"मले काय माहीत? मी तर पदर ओढून उभी होती."

"बरं केलं. एवढा घाणा उरकू दे."

घंटी थांबली. "पाहा, लागला डोळा," जाऊबाई म्हणाल्या.

घाणा उरकून आम्ही दोघी खाली आलो. भासरे खाटेवरून अर्धे लोंबकळत होते. डावा हात फरशीकडे ताणलेला, बोटांपासून वीतभर दूर नवरदेव. सगळ्या अंगाला धूळ चिकटलेली. उंबऱ्याच्या आत रमेचा तांब्या भरलेला.

मी रीत विसरून भासऱ्यांना खांद्याला धरून खाटेवर घेतलं. जाऊबाईंनी चिकाच्या हातांनीच मासा उचलून पाण्यात सोडला. तो आडवा झाला. त्यांनी बोटानं सरळ केला. पुन्हा आडवा. गळ्याजवळची झडप एकदा उघडली.

"हाल रे बाप्पा, हाल."

भासऱ्यांचा हात पेटीकडे जात होता, माठाकडे जात होता, परत पेटीकडे. त्यांना काही उपाय माहीत असणार. तोंडातून नुसतं आँ-आँ.

"काय करू? पाणी बदलू? मीठ घालू? सांगा न जी!"

त्यांनी मान हलवली. हो की नाही, ते आम्हाला कळलं नाही. गालावरून पाणी वाहत होतं.

मागून आलेल्या रमेनं दाराबाहेरूनच विचारलं, "बाई, काय पाहिजे म्हणतात?"

"काही नाही पाहिजे," जाऊबाई म्हणाल्या. त्यांचं बोट पाण्यातच होतं, त्याला सरळ धरून.