ओल्या काचेने दाबलेलं बटण

शमीमबींच्या गोठ्यात पोचलो तेव्हा सहा शेळ्या आडव्या पडल्या होत्या. तोंडाला लाळ, पाय थरथरत होते. जनावरांचे डॉक्टर सलाईन लावत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "डोस जास्ती झालाय. तुमच्या मशीननं दिलाय."

मशीन आमचंच. मी जालना एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर आहे. शेळी वजनाच्या पाटावर उभी करायची, स्क्रीनवर 'डोस' दाबायचं, नळी तिच्या तोंडात धरायची. वजनाप्रमाणे जंताचं औषध आपोआप जातं. शेळीने थुंकून टाकलं, तर पुन्हा देण्यासाठी 'रिपीट'चं बटण.

कंपनीच्या मालकांचा फोन आला. "बाईनं रिपीट दाबलं असेल. ऑपरेटर मिस्टेक लिही, तिची सही घे आणि निघ."

शमीमबींनी ते ऐकलं. आष्टीच्या बाजारात स्वतः शेळ्या पारखून घेणारी बाई ती. "म्या कशी दाबीन, साहेब? दोन्ही हातानं बकरीचं तोंड धरल्तं. मोटर चालूच राह्यली. मला वाटलं, थोराड बकरी हाय, औषध जास्ती लागत असंल."

मी मशीनचा लॉग काढला. कुठे, कधी टच झाला, ते सगळं त्यात नोंदलेलं असतं. या सहाही शेळ्यांच्या वेळी एकाच सेकंदात 'रिपीट' चारदा, आणि त्याच सेकंदात दुसऱ्या कोपऱ्यातही टच. माणसाचं बोट असं चालत नाही. काचेवर पाण्याचे थेंब होते. दर शेळीनंतर शमीमबी नळी धूत होत्या. आमच्याच माहितीपुस्तिकेत तसं लिहिलंय.

आधीची स्क्रीन जोराने दाबावी लागायची. मालकांनी मोबाइलसारखी काच बसवली, दिसायला भारी म्हणून. ही काच दाब ओळखत नाही. बोट टेकलं की तिच्यातल्या विजेत बारीक बदल होतो, तो ओळखते. पाण्याच्या थेंबानेही तसाच बदल होऊ शकतो. टेस्ट रिपोर्टात मी 'ओल्या हाताने फेल' असं लिहिलं होतं. मालक हसले होते. "गोठ्यात स्क्रीनवर पाणी कोण ओततंय?" मी गप्प बसलो. मशीन ग्राहकाकडे पाठवायच्या, डिस्पॅचच्या कागदावर सहीही केली. त्या गोठ्यात मला मालकांचा आला तितकाच स्वतःचाही संताप आला.

सही न घेताच जालन्याला परतलो. मालकांना थेट वर्कशॉपमध्ये बोलावलं. तसल्याच एका मशीनच्या पाटावर पेंडीचं पोतं ठेवलं, नळी बादलीत सोडली, 'डोस' दाबलं आणि दोन पावलं मागे झालो. बाटलीतलं पाणी काचेवर शिंपडलं. पंप सुरू झाला, तो थांबेचना.

"बंद कर ते!"

"रिपीटला म्या हात लावलेला न्हाई, सर. सांगा, कुणाची मिस्टेक लिहू?"

"आवाज खाली कर. लोक बघतायत."

"बघू द्या! त्या सहा शेळ्यांतल्या तीन गाभण हायत. त्या बाईच्या डोक्यावर खापर फोडायला निघाल्ते तुम्ही!"

फिटर लोक काम सोडून बघत राहिले. मालकांनी स्वतः जाऊन मेन स्विच पाडला.

त्याच दिवशी कंपनीतून सगळ्या ग्राहकांना फोन करून मशीनं बंद करायला सांगितली. पुढे औषधासाठी दाबायचं साधं बटण आलं, आणि एका वजनाला एकच डोस, असं प्रोग्रॅममध्ये टाकलं. सहापैकी चार शेळ्या मेल्या. कंपनीने बदली शेळ्या दिल्या. मालक गेले नाहीत, मीच घेऊन गेलो. शमीमबींनी शेळ्या ठेवून घेतल्या, मशीन परत केलं.

"आता हातानंच पाजीन. माझा हात मला ठावं हाय."

मी फेल लिहिलं होतं, याचा त्या चार शेळ्यांना काही उपयोग झाला नाही. टेस्टमध्ये फेल लिहायचं आणि डिस्पॅचवर सही करायची, याला इंजिनिअरिंग म्हणत नाहीत.