लोर्नामावशींकडचे रविवार

किस्से काही कोणी मुद्दाम जमवत नाही. फ्रिजमधल्या डब्यांसारखे ते आपोआप साठत जातात. माझ्या धाकट्या भावाने, अमेयने, मारिसेल नावाच्या फिलिपिनो मुलीशी लग्न केलं. तिची आई लोर्नामावशी इथेच, सांता क्लारात राहते. दर रविवारी आम्हा सगळ्यांना तिथे जेवायचं आमंत्रण! त्यामुळे किस्से भरपूर साठलेत. वजनही साठलंय, पण तो विषय नको.

*

मावशी दारात ‘हॅलो’ म्हणत नाहीत, ‘जेवलीस का?’ विचारतात. पहिल्या रविवारी मी प्रामाणिकपणे सांगितलं, “हो, थोडं खाऊन आलेय.”

मावशींचा चेहरा असा काही पडला की मारिसेलने मला कोपऱ्यात घेतलं. “ताई, तो प्रश्न नाहीये. ऑर्डर आहे!”

*

अमेय शाकाहारी. त्याच्यासाठी मावशींनी खास वेगळी भाजी केली. दोन बाउल संपवल्यावर साहेबांना शंका आली. “यात मीट नाही ना?”

“छे! नुसतं पोर्क. चवीपुरतं!”

अमेय आजही शाकाहारीच आहे. चवीपुरता.

*

मग पुण्याहून आमची आई आली. मावशींनी तिच्यापुढे ‘हालो-हालो’चा उंच ग्लास ठेवला : किसलेला बर्फ, दूध, जेली, वर आइस्क्रीम आणि तळाशी चक्क गोड राजमा.

“आइस्क्रीमखाली राजमा?” आई मला मराठीत म्हणाली. “फ्रिज साफ करायची छान पद्धत आहे हो यांची!”

मग तिने तो ग्लास संपवला, आणि शेजारचाही. “टाकवत नाही गं मला.”

“आजी, दॅट वॉज माइन!” माझा मुलगा ओरडला.

*

एकादशीला मावशींनी ‘उबे’ नावाच्या कंदाचा गर्द जांभळा हलवा पाठवला. आईने संशयाने वास घेतला, चमचाभर चाखला आणि निकाल दिला, “अगं, हे तर आपलं कोनफळ! उपवासाला चालतं.”

त्यानंतर आईने असे काही उपवास धरले, जे कालनिर्णय करणाऱ्यांनाही माहीत नसतील.

*

गणपतीत आईने उकडीचे मोदक केले. आईच्या मोदकांना नावं ठेवायची आमच्याकडे कोणाची प्राज्ञा नाही. बाबा एकदा ‘पारी जरा जाड वाटते’ म्हणाले होते. त्यावर अजून चर्चा चालू आहे.

लोर्नामावशी आल्या त्या लुंपिया, म्हणजे त्यांचे कुरकुरीत रोल, आणि सोबतचं लसूण-मिरची घातलेलं व्हिनेगर घेऊन. मोदक बघताच खूश! “ओह, डम्पलिंग!” म्हणाल्या आणि आम्ही तोंड उघडायच्या आत त्यांनी मोदक व्हिनेगरमध्ये बुडवून खाल्लासुद्धा.

मारिसेलने डोळे मिटून घेतले. अमेय फोनवर काहीतरी शोधू लागला, बहुतेक वकील.

मावशींनी दुसरा मोदक बुडवला आणि मोठ्या प्रेमाने आईपुढे धरला. “ट्राय, ट्राय!”

आईने तो घेतला. सावकाश, अगदी शेवटपर्यंत खाल्ला. मग पदराला हात पुसत मला म्हणाली,

“त्यांना सांग, पुढच्या घाण्याला गूळ जरा कमी घालते.”