व्होल्गेची ओटी

कागदकाकांच्या हातात कुठलाही कागद दिला की ते तो आधी वाचत नसत, वाजवत. लग्नपत्रिका असो, डॉक्टरची चिठ्ठी असो नाहीतर विजेचं बिल असो, चिमटीत धरून कानाजवळ न्यायचे, हलकेच झटकायचे, मग खिडकीकडे धरून आरपार बघायचे आणि निकाल द्यायचे. "पत्रिका सुरेख आहे, पण कागद हलका लावला. छापणाऱ्यानं पोरीच्या बापाला गुंडाळलं." एवढं झाल्यावर मग लग्न कुणाचं आहे ते बघायचे. जवळच्या कागद कारखान्यात तपासणी खात्यात जन्म गेलेला, त्यामुळे सिंधीपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत त्यांचं खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक होतं.

त्यांची आणि माझी भिंत एक. मी नवऱ्याचं घर सोडून बऱ्हाणपुरात परत आले आणि शाळेत मराठी शिकवायला लागले, तेव्हा ही भिंत मला मिळाली. पलीकडे काका-काकू दोघंच, मुलगा पुण्याला. आमची गल्ली तशी प्रेमळ, पण माझ्यासारखीच्या दारात किती चपला आहेत ते तिला अंधारातही दिसतं. हळदीकुंकवाचं बोलावणं माझ्या दारावरून पुढे जायचं. काकूंचं मात्र यायचं, आणि तेही भिंतीवर लाटणं आपटून.

काकू रावेरकडच्या, केळीवाल्या घरातल्या, आवाज मळ्यातला. आषाढात तापीच्या जन्मदिवशी त्या राजघाटावर नदीची ओटी भरायच्या. खण, तांदूळ, नारळ, हळदीकुंकू, सगळं रीतसर. नदीची झाली की तिथंच, सगळ्या बायांसमोर, माझा पदर ओढून माझी भरायच्या. एकदा कुणीतरी कुजबुजलं तर म्हणाल्या, "हिच्या नवऱ्याला अक्कल नाही, त्यात हिचा काय दोष वं? ओटी बाईची असते, नवऱ्याची नाही." काका वरच्या पायरीवर सगळ्यांच्या चपला सांभाळत बसलेले असायचे. ते मान हलवून अनुमोदन द्यायचे.

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक चित्र चिकटवलेलं होतं. कारखान्याच्या कॉलनीत पूर्वी रशियाची गुळगुळीत मासिकं यायची. ती वाचत कुणी नसे, पण मुलांच्या वह्यांना कव्हरं घालायला उत्तम. त्यातलं एक पान काकूंनी वाचवलं होतं. रुंद व्होल्गा नदी, काठावर लाल भिंतींचं नि निळ्या घुमटांचं चर्च, आणि पांढरी बोट. काका म्हणायचे, "आर्ट पेपर आहे. इतकी वर्षं फोडणीचा धूर खाल्ला, पिवळा नाही पडला." काकू म्हणायच्या, "हे कागदच बघत बसतात. अहो, नदी बघा ना. एवढी मोठी बाई, हिची ओटी कुणी कधी भरली असेल का?"

मग एक दिवस पुण्याच्या एका सहल कंपनीची जाहिरात आली. मॉस्कोहून पीटर्सबर्गपर्यंत बोटीनं. वाटेत उग्लिच, यारोस्लाव्हल, किझी. काकांनी जाहिरात वाजवली, कागदाला नावं ठेवली आणि पैसे भरायचं ठरवलं. काकूंनी स्वतःबरोबर मलाही पासपोर्ट काढायला लावला. "असू दे, पेटीत पडून राहील, खायला थोडंच मागतो?" त्यांचा पासपोर्ट आला आणि चार महिन्यांत त्या गेल्या. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं होतं.

वर्षभर काका कागद वाजवायचे थांबले. मी पेपर नेऊन दिला तर तसाच घडी घालून ठेवायचे. मला त्यांच्याबद्दल भीती वाटायला लागली होती. मग करोनाच्या आदल्या उन्हाळ्यात, मार्च संपता संपता, एका सकाळी भिंतीवर लाटणं वाजलं. मी धावत गेले. काका हातात बुकिंगचा कागद घेऊन उभे होते.

"दोघांची केबिन आहे," ते म्हणाले. "एकट्याला द्यायला तयार नाहीत ते. तू चल ना. जून आहे, तुझी शाळा बंद."

मी एकदम हरखले. पासपोर्ट, बोट, ते निळे घुमट, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढे आलं. आणि पुढच्या क्षणी गल्ली आली. नवऱ्याला सोडलेली बाई, बायको वारलेला म्हातारा, एक केबिन. ओट्यावर बसून भाजी निवडताना काय काय बोललं जाईल ते शब्दासकट मला ऐकू आलं. मी म्हणाले, "काका, यंदा शिक्षकांचं शिबिर आहे. सुटी नाही मिळणार."

शिबिर वगैरे काही नव्हतं. काकांनी माझ्याकडे बघितलं. पस्तीस वर्षं हलका आणि भारी माल ओळखण्यात गेलेला माणूस, त्यांना ते कळलं असणारच. "बरं," ते म्हणाले, "टेन्शन नको घेऊ." आणि हातातला कागद उगाच एकदा झटकला.

जाताना मी स्टेशनवर गेले होते. एक बॅग, केळ्याच्या चिप्सच्या चार पिशव्या आणि बॅगेत टॉवेलात गुंडाळलेला एक नारळ. "नारळ कशाला?" मी विचारलं. "असाच," म्हणाले. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात केला नाही. खिडकीतून माझ्यामागच्या फलाटाकडे बघत होते, अजून कुणीतरी यायचं असल्यासारखे.

सोळा दिवसांनी परतले ते वाळलेले, पण बोलके. बोट लोखंडी दरवाज्यांच्या हौदात शिरते, हौदात पाणी भरतं आणि अख्खी बोट वर चढते, हे त्यांनी मला वाटी, तांब्या आणि काड्यापेटी घेऊन दाखवलं. "पाण्याची लिफ्ट! बटण नाही, लिफ्टमन नाही." किझीचं लाकडी चर्च, एकावर एक घुमट, "खिळा नाही म्हणतात एक. मी शोधला, नाही सापडला." जेवणाच्या यादीचा कागद त्यांना फार आवडला होता, एक यादी त्यांनी चक्क उचलून आणली होती.

पण खोदून विचारलं की वेगळंच निघायचं. बरोबरची सगळी जोडपी. जेवणाची टेबलं आठांची, हे नववे. म्हणून रोज एक खुर्ची कोपऱ्यात वाढवली जायची आणि वाढपी पोरगी दर वेळी त्यांची माफी मागायची. उत्तरेकडे गेल्यावर सूर्य मावळेना. "दिवा लावायचा कधी, तेच समजेना," ते म्हणाले. "ती असती तर तिनं ठरवलं असतं. मी आपला सात वाजता हात जोडायचो, बाहेर लख्ख ऊन." फोटो दाखवा म्हटलं तर त्यांच्या मोबाइलमध्ये नद्या आणि भिंती, माणूस एक नाही. सगळ्या जोडप्यांचे फोटो हेच काढून देत होते. "माझा काढायला कुणी नव्हतं असं नाही गं. सांगायचं सुचलं नाही."

उग्लिचचं नाव मात्र त्यांनी टाळलं. चित्रातलं ते लाल चर्च तिथलंच होतं, हे मला माहीत होतं. मी विचारलं की म्हणायचे, "बघितलं. आहे तसंच आहे." आणि पुन्हा त्या यादीच्या कागदावर बोलायला लागायचे.

दिवाळीनंतर मुलानं ठरवलं, आता बाबांना एकटं ठेवायचं नाही. घर रिकामं करायला सुरुवात झाली. मी भांडी बांधायला गेले, तर काकांनी मला कपाटासमोर बसवलं आणि एक पिशवी पुढे केली. आत लोकरीचे जाडजूड मोजे होते. बऱ्हाणपुरात, जिथं मे महिन्यात बादलीतलं पाणीसुद्धा चटका देतं.

"उग्लिचला मिळाले," ते म्हणाले, आणि मग सांगायला लागले.

काकू दवाखान्यात त्यांना सांगून गेल्या होत्या: त्या नदीची ओटी भरायची राहिली, ती भरा. पण ओटी पुरुषानं भरायची नसते. म्हणून एक बाई बरोबर हवी होती. नारळ मुंबईच्या विमानतळावरच काढून घेतला गेला. काकांनी त्या जागी सफरचंद घेतलं. उग्लिचच्या धक्क्यावर सगळे चर्चकडे गेले, आणि हे खण, तांदूळ, कुंकू, सफरचंद हातात घेऊन पाण्याशी उभे. हात पुढे होईना. शेजारी एक म्हातारी मोजे विकत बसली होती. काकांनी तिला खुणेनं सांगितलं, हे तुम्ही नदीत सोडा. नदीकडे बोट दाखवलं, तिच्याकडे दाखवलं, हात जोडले.

"ती उठून उभी राहिली," काका म्हणाले. "तिनं ॲप्रन पसरला. अगदी पदर पसरतात तसा, दोन्ही हातांनी. आता पसरलेल्या पदरात नाही कसं टाकायचं, तू सांग. टाकलं मी. तिला वाटलं, तिलाच दिलं. गालाला गाल लावला वं तिनं माझ्या! रडत होती. हे मोजे माझ्या खिशात कोंबले. बोटीचा भोंगा झाला, मी आलो." "एवढ्या दूर गेलो आणि नदी राहूनच गेली. हिला आता काय सांगू मी?"

त्यांना सोबतीला, सामानाला, इंग्रजी बोलायला मी हवी आहे, असं मी समजत होते. त्यांना ओटी भरायला मी हवी होते. साऱ्या बऱ्हाणपुरात ज्या बाईला त्यासाठी कुणी बोलावत नाही, ती. आणि मी खोट्या शिबिराला गेले होते.

त्यांनी कपाटातून दुसरा खण काढला. हिरवा, इरकली काठाचा. "दोन नेले होते. नदीची झाली की तुझी भरायची, असं तिचं सांगणं होतं. हा तुझा. घेऊन जा."

"असा नाही नेणार," मी म्हणाले. "भरा."

"वेडी आहेस का? मी पुरुष माणूस."

"त्या म्हातारीची भरली ना? मग माझी का नाही?"

मग वर्षा-दीड वर्षात पहिल्यांदा मी त्यांना पोट धरून हसताना बघितलं. हसता हसता उठले, बांधलेल्या डब्याची दोरी सोडून तांदूळ काढले. नारळ नव्हता, केळी होती. मी पदर पसरला. सवय नसलेल्या त्यांच्या ओंजळीतून अर्धे तांदूळ फरशीवर सांडले. पाचही ओंजळी त्यांनी पुऱ्या केल्या. कुंकू लावायला मात्र धजले नाहीत; करंडा माझ्या हातात दिला आणि तोंड फिरवून उभे राहिले. मग आम्ही दोघं जमिनीवर बसून तांदूळ वेचत राहिलो आणि रडलो.

पुढच्या आठवड्यात ते पुण्याला गेले. कपाट भंगारात गेलं. चित्र त्यांनी ब्लेडनं अलगद सोडवून बरोबर नेलं. दर रविवारी फोन यायचा. "इथं सगळं मोबाइलवरच येतं गं, कागद हाताला लागत नाही," ही तक्रार ठरलेली. मग लॉकडाऊन लागलं, फोन आखूड होत गेले, आणि एका पावसाळ्यात काका गेल्याचा मुलाचा निरोप मोबाइलवरच आला. मी जाऊ शकले नाही. त्या दिवशी पलीकडून काही वाजेल म्हणून मी उगाच भिंतीशी बसून होते.

महिन्याभरानं मुलानं एक पाकीट पाठवलं. बाबांच्या वहीत तुमच्या नावानं ठेवलेलं सापडलं, म्हणून. पाकीट उघडण्याआधी माझ्याही नकळत मी ते कानाशी नेऊन झटकलं. आत एकच फोटो होता, चांगल्या जाड कागदावर छापलेला. बोटीतली त्यांची केबिन. खिडकीबाहेर नदी, आणि खिडकीखाली दुसरा पलंग. चादरीला एक सुरकुती नाही. उशीवर दोन खण ठेवलेले, एक लाल, एक हिरवा.

तो फोटो मी माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून लावला आहे. चहाचा डबा काढताना रोज तो पलंग दिसतो. माझी जागा होती ती, आणि मी ती गल्लीच्या भीतीनं रिकामी ठेवली. पासपोर्ट अजून पेटीत आहे. आता कुणी नुसतं "चल ना" म्हणालं तर मी कुठं, कशाला, काही न विचारता निघेन. पण तसं म्हणणारं आता कुणी राहिलेलं नाही.