खंडेनवमीला बंद केलेली बॅटरी

आमची कंपनी जुनी. ठाण्यात कोलशेतच्या आवारात आम्ही आयुष्यभर डिझेलचे टेम्पो बनवले, आणि मी तिथला मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन. मग साहेबांनी जाहीर केलं की आता विजेवरची गाडी आणायची आणि तीही एका स्टार्टअपबरोबर. सांगाडा, चाकं, ब्रेक आमचे. बॅटरी आणि तिचं सगळं डोकं त्यांचं. खरं सांगतो, माझं टाळकं सरकलं. ज्यांनी आयुष्यात एक टेम्पो रस्त्यावर आणला नाही, ते आम्हाला गाडी शिकवणार? त्यांचं ऑफिस माजिवड्याला काचेच्या इमारतीत. पण बॅटरी तपासायला जागा हवी म्हणून आमची रंगाची जुनी शेड त्यांना दिली आणि तिथलं वायरिंग माझ्या गळ्यात पडलं.

बॅटरीचं काम एका मुलीकडे होतं. सांगलीची, नौपाड्यात पेइंग गेस्ट म्हणून राहायची, वयाने माझ्या धाकटीएवढी. पहिल्याच दिवशी मी तिला झापलं, कारण बाईसाहेब शेडमध्ये चपला घालून आलेल्या. म्हटलं, "पायावर काही पडलं तर लंगडत सांगलीला जायचंय का?" दुसऱ्या दिवशी बूट घालून आली आणि म्हणाली, "काका, आता ओरडायला दुसरं काहीतरी शोधा." मला हसूच आलं. त्यानंतर मी माझं काम आटपून रोज त्या शेडमध्ये जाऊन बसायला लागलो. ती समजावून सांगायची, मी उलटे प्रश्न विचारायचो, आणि उत्तर आलं नाही की ती वहीत लिहून ठेवायची. माझा प्रश्न कुणी वहीत लिहून घेतोय, हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

पुण्यातली पक्की नोकरी सोडून ती इथे आलेली. आईला ते मुळीच पसंत नव्हतं. आता सगळं एका चाचणीवर अडलेलं: बॅटरी तीन आठवडे सलग भरायची, रिकामी करायची, पुन्हा भरायची. मध्ये खंड पडला की पहिल्यापासून सुरुवात. दिवाळीच्या आत निकाल आला नाही तर आमची कंपनी भागीदारीतून अंग काढून घेणार, हे सगळ्यांना माहीत होतं. तिने स्विचवर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवलेला, कोणीही बंद करू नये.

अकराव्या दिवशी खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी यंत्रांना सुट्टी असते. सकाळी सगळी यंत्रं पुसायची, मेन स्विच खाली करायचा, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचा हार घालायचा, आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. स्विच खाली करण्याचा मान कितीतरी वर्षं माझाच. शेडमध्ये गेलो तर बॅटरी एकटीच गुरगुरत होती. मला वाईट वाटलं. सगळ्यांची पूजा झाली आणि हीच बिचारी राबतेय! या मंडळींना कोण सांगणार असल्या गोष्टी? कागद वाचला, पण तो मला रोजच्या दिवसांसाठीचा वाटला. आजचा दिवस वेगळा. मी स्विच बंद केला, हार घातला आणि मनापासून हात जोडले.

तासाभरात ती रिक्षाने धावत आली. मोबाइलवर तिला दिसलं असणार. सणाची साडी नेसलेली, केस अर्धे ओले. मी पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारातच उभा. मोठ्या कौतुकाने म्हटलं, "बघ, तुझ्या बॅटरीलापण हार घातला." ती कुंकवाकडे बघत राहिली. मग पेढा घेतला, म्हणाली, "छान केलंत, काका." डोळे भरलेले. मला वाटलं, पोर भावुक झाली. अरे देवा, काय मूर्ख माणूस मी!

दसऱ्यानंतर कामावर गेलो तेव्हा त्यांच्यातल्या एका दाढीवाल्या इंजिनियरने सांगितलं, "अकरा दिवस पाण्यात गेले. तिच्याच हातून बंद पडलं म्हणे. तसं लिहूनपण दिलंय तिने." मी तसाच शेडकडे धावलो. ती शेडमध्ये खोक्यात वह्या भरत होती.

"खोटं का लिहिलंस?"

"काका, तुमची रिटायरमेंट सात महिन्यांवर आली. शेवटच्या वर्षी कागदावर डाग कशाला? मला मिळेल दुसरं काहीतरी."

मी भडकलो. "मला तुझी दया नकोय! मी अजून मेलेलो नाही, कळलं?" मला माझाच आवाज नकोसा झाला. खाली बसून खोक्यातल्या वह्या एकेक करून परत टेबलावर ठेवल्या आणि तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो.

मॅनेजर माझ्यापेक्षा लहान, मला मान देणारा माणूस. सगळं ऐकून त्याने दार लावून घेतलं. "अहो, तिने लिहून दिलंय ना? कशाला ओढवून घेताय?" म्हटलं, "साहेब, स्विच मी बंद केला. पूजा समजून केला, पण केला मीच." मग त्यानेच करार काढला. त्यात स्पष्ट होतं: चाचणी त्यांच्या चुकीने बंद पडली तर मुदत तीच राहणार, आमच्या माणसाच्या चुकीने बंद पडली तर त्यांना नवीन तीन आठवडे मिळणार. मी लेखी कबुलीवर सही केली, मला मेमो मिळाला. नोकरीतला पहिलाच. तो हातात घेताना कान तापले, लपवत नाही.

शेडमध्ये येऊन तिला सांगितलं, "तीन आठवडे मिळाले. चल, सुरू कर." ती आधी माझ्यावर चिडली, चांगलीच चिडली. मग स्विच वर केला आणि तिथेच स्टुलावर बसून आईला फोन लावला. आदल्या दिवशी आईला सांगून बसलेली की सगळं संपलं, मी परत येतेय. आता म्हणाली, "आई, मी येत नाहीये. इथेच राहतेय." पुढचं काही तिला बोलता येईना, म्हणून फोन माझ्या हातात दिला.

पलीकडून घाबरलेला आवाज आला, "दादा, तुम्ही कंपनीतले का? ती रडतेय का हो?"

साहेबांसमोर नुकताच खरं बोलून आलेलो मी. म्हटलं, "छे हो, ताई, रडतेय कसली! हसतेय नुसती." समोर पोर ढसाढसा रडत होती.