दौलतकाकांचं नख

दौलतकाका कुठल्याही गाडीला आधी हात लावत नसत, नख लावत. सत्तर सालच्या सुमाराला पिंपरीच्या आमच्या गॅरेजात ते गाड्यांचा जुना रंग काढायचे आणि मी नवा मारायचो. गिऱ्हाईक छाती फुगवून सांगायचं, "गाडी कुठं लागलेली नाही." काका दारावर नख वाजवून ऐकायचे. "रंगाचं काय ऐकायचं? पत्रा बोलंल तवा बघू." मग रिमूव्हर फासायचा, रंग फुगून सुरकुतला की पट्टीनं खरवडायचा, खाली हमखास पोचा बुजवलेली पुट्टी! काका नुसते खूश व्हायचे.

संशय तरी किती घ्यावा! दूधवाल्याचं दूध, कंपनीच्या भोंग्याची वेळ, माझ्या डब्यातली भाजीसुद्धा. "वांगी कालची हायत." होतीही कालचीच, काय बोलणार!

त्यांच्या सुमनला चाकणचं स्थळ आलं. मुलगा ट्रक ड्रायव्हर, सुमनलाही पसंत. बैठकीला काकांनी मलाही बोलावलं होतं. मंडळी मुलाच्या मामाच्या चकचकीत गाडीतून आली. मामानं मला ओळख दाखवली नाही, मीही नाही. "भाचाच चालवतो ही गाडी," तो म्हणाला. "आजवर ओरखडा नाही." झालं! चहा तसाच ठेवून काका अंगणात गेले. गाडीच्या दारावर नख वाजलं. त्या दारात पुट्टी मीच भरली होती, एका रविवारी, आमच्या शेठला चोरून. गाडी मागे घेताना मामानंच ती फाटकाला घासली होती. पोराचा काडीचा संबंध नव्हता.

काकांनी मला बाजूला घेतलं. "पोरानं कुनाला तरी उडवलंय, राव. ही गाडी तुझ्या हाताखालनं गेलीय का? गेली असंल तर कशानं लागलं ते सांग."

शेठला कळलं तर नोकरी जाईल, एवढंच डोक्यात आलं. "नाही काका."

ते माझ्याकडे बघत राहिले. आता पकडणार, असं वाटलं. पण "मग झालं," म्हणून ते आत गेले आणि पाहुण्यांना नकार दिला. कारणही सांगितलं नाही. सुमन मोरीत कितीतरी वेळ तोंड धूत होती. मला स्वतःची किळस आली.

पुढे काकांचे डोळे अधू झाले, काम सुटलं. एके दिवशी त्यांनी मला घरी बोलावलं. यांना कळलं असणार, या धास्तीनंच गेलो.

"चऱ्होलीचं स्थळ आलंय," ते म्हणाले. "मला आता दिसत न्हाई. तू पोरगा बघून ये."

"माझ्या शब्दावर द्याल पोरगी?"

"व्हय. जल्मात एका तुलाच नख लावलं न्हाई मी."

सुमन चहा घेऊन दारात उभी होती. सगळं सांगून टाकायला मी तोंड उघडलं.

"बघून येतो," म्हणालो आणि चहा न घेताच उठलो.