दही-साखर

“सकाळपासून पोरीच्या पोटात काही गेलं?” भूल द्यायच्या आधी डॉक्टरनं विचारलं. “नाही,” तिची आई म्हणाली. मग मला सांगावंच लागलं, की निघताना शुभ म्हणून मी दही-साखर चारली होती. पोटात अन्न असताना भूल जिवावर बेतते. दाढा काढायचं काम पुढं ढकललं गेलं.

ही आई माझी शेजारीण, भाजी पिकवते. पोरगी स्वमग्न आहे. दाढ ठणकली की स्वतःच्या गालावर मारते, तेव्हा आई मधे आपला हात धरते. तो हात कायम काळानिळा.

परतताना जीपमध्ये मी म्हटलं, “मले शिव्या दे वं.”

“कायले, काकू? थकली मी.”

दुसऱ्या खेपेला निघताना तिनं दही माझ्याच तळहातावर ठेवलं. “तुमीच खा. शुभ होऊन जाईन.”

त्या दिवशी दाढा निघाल्या. दुपारी पोरगी शुद्धीवर आली.